चूल बरोबर घेऊन : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

दिवाळी अंकात मी आमच्या कॅम्परच्या प्रवासावर दोन पानं लिहिली होती. ज्यांच्या वाचनात ती आली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही दोघं गेली ३१ वर्षं न्यू जर्सीत राहतो. हे निवृत्त झाले तेव्हा आम्ही एक जुनी, २५ फुटी मोटारहोम घेतली, तीच ही कॅम्पर. पुढे टेम्पोसारखी केबिन, मागे पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, छोटं न्हाणीघर. २०२४ च्या २२ एप्रिलला निघालो आणि २७ जुलैला परत आलो. ९७ दिवस, ९,२०० मैल. वाटेत नणंदेचं घर, पुतण्याचं घर, लेकीचं घर, दिरांचं घर. आणि या घरांच्या मधे ग्रेट स्मोकी, ग्रँड कॅन्यन, झायन, रेडवुड, ग्लेशियर, यलोस्टोन अशी राष्ट्रीय उद्यानं.

त्या लेखावर पुष्कळ पत्रं आली. सगळ्यांना वेगवेगळं लिहिणं शक्य नाही म्हणून संपादकांनी ही पानं दिली. नावं घातलेली नाहीत, गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा डॅलसला असतो. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. मी ६६, सौ. ६२. भारतीय लायसन्सवर अशी गाडी भाड्याने मिळेल का, आणि मला झेपेल का? ट्रॅक्टर आणि टेम्पो आयुष्यभर चालवलेला माणूस आहे. – एक वाचक, कोल्हापूर

टेम्पो चालवलाय म्हणजे निम्मं काम झालंय. आमच्या गाडीएवढ्या मोटारहोमला साध्या मोटारीचंच लायसन्स चालतं. निघण्यापूर्वी आर.टी.ओ.तून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो एक वर्ष चालतो, पण मूळ लायसन्सही जवळ हवंच. प्रत्येक राज्याचे नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा कोणत्या राज्यांतून जाणार ते ठरवून भाड्याच्या कंपनीला आधी लेखी विचारा. भाडं ठरवताना रोजचा दर तेवढा पाहू नका. मैलांचे वेगळे पैसे आणि जनरेटरच्या तासांचे वेगळे पैसे लागतात का, हे विचारून घ्या. बिल फुगतं ते तिथेच.

चालवण्यातली खरी गोम मागच्या भागात आहे. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग लोंबत असतो. तुम्ही उजवीकडे वळलात की हे शेपूट डावीकडे फिरतं. चौथ्याच दिवशी टेनेसीत पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना आमचं शेपूट लोखंडी खांबाला घासलं. दीड हात पत्रा चेपला आणि मागचा दिवा फुटला. हे त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एका चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही प्लॅस्टिकच्या बादल्या मांडल्या आणि दोन तास नुसती वळणं घेतली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही करा.

गाडी मागे घेताना आपल्याकडे ‘येऊ द्या, येऊ द्या’ असं ओरडायची सवय असते. आत काही ऐकू जात नाही आणि दोघांचं भांडण मात्र होतं. पहिले दहा दिवस आमचं रोज संध्याकाळी त्यावरून वाजत होतं, आणि तेही शेजारच्या कॅम्पवाल्यांच्या देखत. मग मी एक शिट्टी घेतली. एस.टी.चा कंडक्टर घंटी द्यायचा तसंच ठरवलं : एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की चला. आणि गाडीच्या पाठीमागे कधीही उभं राहायचं नाही. ड्रायव्हरला आरशात आपण दिसलो पाहिजे, अशाच जागी उभं राहायचं.

गाडीची उंची आणि रुंदी कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. झायनमधला १९३० साली पुरा झालेला १.१ मैलांचा बोगदा आमच्या गाडीला अरुंद पडतो. आम्ही गेलो तेव्हा १५ डॉलर भरले की रेंजर समोरची वाहतूक अडवून तुम्हाला रस्त्याच्या मधोमध सोडत असत. मोठ्या गाड्यांचे तिथले नियम बदलत आहेत, तेव्हा जायच्या आठवड्यात उद्यानाच्या वेबसाइटवर पाहून घ्या. ग्लेशियरमध्ये ‘गोइंग टू द सन’ नावाचा जो डोंगरातला रस्ता आहे, त्याच्या मधल्या घाटात २१ फुटांहून लांब गाडीला मज्जाव आहे. आम्ही कॅम्पर खाली लावली आणि उद्यानाच्या बसने वरच्या लोगन पास या खिंडीपर्यंत गेलो. यांना कधी नव्हे ते खिडकीतून बाहेर बघायला मिळालं.

आणखी एक, कारण तुम्ही व्हिसावर येणार आहात. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी उद्यानांचे दर वाढले आहेत. त्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला. पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी, झायन धरून ११ गर्दीच्या उद्यानांत १६ आणि त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला नेहमीच्या तिकिटावर १०० डॉलर जास्त पडतात. दोन-तीन मोठी उद्यानं पाहायची असतील तर पासच घ्या.

प्रश्न : स्पष्ट विचारते, राग मानू नका. गाडीतल्या संडासाचं काय करता? तेवढ्यासाठी मला हा विचारच नकोसा वाटतो. – एक वाचक, पुणे

राग कसला? हा प्रश्न अकरा पत्रांत होता. विचारायचं धैर्य फक्त तुम्ही केलंत, बाकीच्यांनी ‘स्वच्छतेची सोय’ म्हटलंय.

गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक मोरीच्या आणि बेसिनच्या पाण्याची, आणि एक संडासाची. शेवटच्या दोन भरत आल्या की डंप स्टेशनवर जायचं. कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी किंवा मोठ्या पेट्रोल पंपावर ते असतं. जमिनीत एक झाकणाचं भोक, शेजारी धुवायचा नळ, एवढंच. हातमोजे घालायचे, जाड नळी गाडीला फिरवून घट्ट बसवायची, तिचं दुसरं टोक भोकात सरकवायचं आणि ते निसटू नये म्हणून वर पाय किंवा दगड ठेवायचा. आधी संडासाच्या टाकीचा दांडा ओढायचा. धो धो आवाज येतो, मग बारीक होतो, मग थांबतो. तो दांडा बंद केला की मोरीच्या टाकीचा ओढायचा. त्या साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते, म्हणून हा क्रम कधी उलटा करायचा नाही. दहा मिनिटांचं काम आहे. वास त्या दहा मिनिटांपुरता येतो.

गाडीत वास येतो तो पाणी कमी वापरल्यामुळे. लोक काटकसर करतात आणि मग टाकीत घट्ट ढीग साचतो. प्रत्येक वेळी भरपूर पाणी सोडायचं, टाकीत त्यासाठीचं औषध घालायचं, कागद वापरणारे असाल तर लगेच विरघळणाराच घ्यायचा. आम्ही तांब्या ठेवला होता, काही अडलं नाही.

चांगल्या पाण्याची टाकी आमची ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटर. आम्हा दोघांना ती चार दिवस पुरायची. शेजारचे अमेरिकन जोडपे दीड दिवसात पाणी भरायला निघायचे. माझं माहेर माण तालुक्यातलं. उन्हाळ्यात टँकर यायचा, एका बादलीत अंघोळ आणि तेच पाणी परसातल्या कढीपत्त्याला. भांडी आधी राखेने कोरडी घासायची, मग दोन तांब्यांत विसळायची. राख सोडली तर मी कॅम्परमध्ये तेच केलं : ताटं आधी कागदाने पुसायची, साबणाचं बोट फिरवायचं आणि शेवटी तांब्याने बारीक धार. आईचा हात मला ग्रँड कॅन्यनच्या मेदर कॅम्पग्राउंडवर आठवला. तिथे गाडीला नळाची जोडणी नसते, टाकीतल्या पाण्यावरच निभवावं लागतं. आम्ही चार रात्री निभावलं.

प्रश्न : खाण्याचे हाल झाले असतील ना? आमच्याकडे रोज भाकरी लागते. – एक वाचक, नाशिक

हाल अजिबात नाहीत. ज्वारीचं पीठ, तांदूळ, तूरडाळ, गोडा मसाला, शेंगदाण्याचा कूट आणि लसूण चटणी एवढं असलं की मला बाकी कशाची धास्ती नव्हती. पीठ न्यू जर्सीतून नेलेलं पुतण्याच्या गावापर्यंत पुरलं. मग डॅलसच्या भारतीय दुकानात भरलं, मग लेकीकडे, मग दिरांकडे. सामान भरायचे थांबे आणि नातेवाइकांची घरं एकच, हे नकाशा आखतानाच ठरवलं होतं.

प्रेशर कुकर मात्र न विसरता न्या. यलोस्टोनमधल्या तलावाकाठचा आमचा मुक्काम ७,७०० फुटांवर होता. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. भांड्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो. कुकरमध्येसुद्धा मी नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त घ्यायची. शेजारच्या तळावरची एक आजी पहिली शिट्टी ऐकून धावत आली, तिला वाटलं गॅसचं काही झालं. तिला वाटीभर आमटी दिली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः केलेला रुबार्बचा मुरंबा आणून दिला.

फोडणी करताना छताचा पंखा आधी लावायचा, मग तेल तापवायचं. नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म कोकलतो.

वासाचं एक गांभीर्याने सांगते. यलोस्टोनमधल्या ज्या फिशिंग ब्रिज तळावर आम्ही होतो तिथे तंबूला परवानगीच नाही, भक्कम भिंतींच्याच गाड्या चालतात. कारण तो अस्वलांचा इलाका आहे. बाहेरच्या टेबलावर उष्टं ताट, तेलाची बाटली, रिकामा डबासुद्धा ठेवायचा नाही. माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुढे माणसांवर येतं आणि मग त्याला मारावं लागतं. आपल्या एका खरकट्या ताटापायी त्याचा जीव जाऊ नये. मी भाकरी थापली की परात लगेच आत नेऊन पुसायची.

प्रश्न : यांना रोज इन्सुलिन लागतं. इतके दिवस गाडीत ते कसं सांभाळायचं? – एक वाचक, सातारा

गाडीतला फ्रिज गॅसवरही चालतो, त्यामुळे वीज नसली तरी अडत नाही. पण आमच्यासारख्या गाडीतला जुन्या पद्धतीचा फ्रिज गाडी सपाट उभी असली तरच नीट गार होतो. म्हणून थांबल्यावर पहिलं काम चाकाखाली फळ्या सरकवून गाडी समतल करायची. मी ओट्यावर वाटीत पाणी ठेवून बघायची. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, गोठायला मात्र नको, म्हणून आत एक साधा थर्मामीटर ठेवा आणि औषध मागच्या थंड भिंतीला टेकवू नका. औषधांची यादी इंग्रजीत लिहून दोघांच्याही पाकिटात ठेवा. बाहेरून येणाऱ्यांनी वैद्यकीय विम्याशिवाय अमेरिकेत पाऊल टाकू नये. आधीपासूनच्या आजाराला तो विमा किती लागू होतो हे आपल्या डॉक्टरांना बरोबर घेऊन वाचा.

प्रश्न : तुम्ही एवढ्या नातेवाइकांकडे राहिलात. कोणी कंटाळलं नाही? माझा मुलगा-सून बोस्टनला असतात. मी गेले की दहा दिवसांत घरात ताण येतो. दोघंही चांगली आहेत, मीही वाईट नाही, तरी होतं. – एक वाचक, ठाणे

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही, कारण हे आम्हीही सोसलंय.

माझ्या मते कॅम्परचं खरं देणं उद्यानं नाहीतच. आपली चूल, आपलं अंथरूण आणि आपला संडास घेऊन आपण माणसांकडे जातो, हे ते देणं. पाहुणा दुसऱ्याच्या घरात सकाळी पाचला जागा झाला तर तो भांड्याचा आवाज न करता पडून राहतो. यजमानीण दमली असली तरी पोळ्या लाटते. कोणाची चूक नसते, तरी चौथ्या दिवशी दोन्ही बाजूंना ओझं होतं.

लेकीच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटच्या घराला गाडी लावायला जागा नव्हती. आम्ही तिथून अर्ध्या तासावर, अँथनी शाबो नावाच्या डोंगरातल्या उद्यानात तळ घेतला. ती आणि जावई कामावर असत, आम्ही दुपारी नातवाला शाळेतून आणून संध्याकाळी परत जायचो. शनिवारी नातू आमच्याकडे राहायला आला. केबिनच्या डोक्यावर जो पलंग असतो त्यावर झोपला. सहा वर्षांचं पोर, रात्री विचारतं, ‘आजी, हे घर माझ्या घरी का नाही येत?’ लेक मला म्हणाली, ‘आई, या वेळी तू माझ्या स्वयंपाकघरात एकदाही काही आवरलं नाहीस, आणि मला तुझी आठवण आली.’ तीन वर्षांपूर्वी याच आवरण्यावरून ती रडली होती.

आता दिरांचं सांगते. यांना विचारूनच लिहिते आहे.

सिएटलजवळ माझे धाकटे दीर राहतात. दोघा भावांत २०११ पासून एक गाठ होती. सासूबाईंचं शेवटचं दुखणं डोंबिवलीत झालं. भावजी बिनपगारी रजा घेऊन चार महिने आईपाशी राहिले. आम्ही पैसे पाठवत होतो, पोहोचलो ते शेवटच्या आठ दिवसांना. पुढे तो फ्लॅट विकायचं यांनी फोनवरूनच ठरवून टाकलं, थोरले म्हणून. भावजींनी सही केली, बोलले काही नाहीत. तेव्हापासून गणपतीला एक फोन, दिवाळीला एक फोन. मधल्या काळात दोनदा विमानाने त्यांच्याकडे गेलो. पाहुण्यांच्या खोलीत घड्या घातलेले टॉवेल, टेबलावर सहा पदार्थ, आणि भाऊ भाऊ शेअर बाजारावर बोलत बसलेले.

त्यांच्या वसाहतीत ड्राइव्हवेवर मोटारहोम उभी करायला मनाई आहे. जाऊबाईंनी सोसायटीला पत्र लिहून ७२ तासांची परवानगी काढली. २८ जूनला आम्ही पोहोचलो. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला पाण्याचा पंप आपोआप टर्रर करून वाजला. दहा मिनिटांनी पुन्हा. नळ सगळे बंद. नळ बंद असताना पंप वाजतो याचा अर्थ पाणी कुठेतरी गळतंय.

सकाळी यांनी बसायच्या बाकाखालची फळी काढली. पंप त्याच्या आत, एका माणसाचा खांदा जेमतेम जाईल एवढ्या जागेत. भावजी घरातून चहाचे दोन कप घेऊन सपाता घालूनच आले. आले ते आले, मग बॅटरी धरायला बसले. ६७ आणि ६१ वर्षांची दोन माणसं, गुडघ्याला गुडघा लावून फरशीवर. मी आणि जाऊबाई बाहेर घडीच्या खुर्च्यांवर मटार सोलत होतो. जाळीच्या दारातून सगळं ऐकू येत होतं. बराच वेळ ‘जरा वर धर’, ‘पाना दे’ एवढंच चाललं होतं. मग भावजी म्हणाले, ‘दादा, आईच्या खोलीबाहेरचा नळ असाच गळायचा. रात्रभर. ती म्हणायची, तो बंद कर रे.’

आतून काही उत्तर आलं नाही. जाऊबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मग हे म्हणाले, ‘मला माहीत नव्हतं.’

‘तू नव्हतास.’

‘नव्हतो. आणि फ्लॅटचंही तुला विचारायला हवं होतं मी.’

नंतर पुन्हा पान्याचा आवाज. वायसर झिजला होता. दोघं मिळून दुकानात गेले, चुकीच्या मापाचा घेऊन आले, पुन्हा गेले. घरात पाहुण्यांच्या सोफ्यावर बसून हे बोलणं झालं असतं असं मला वाटत नाही. तिथे डोळ्याला डोळा भिडवावा लागतो. इथे दोघंही एका नळीकडे बघत होते.

त्या रात्री मी कॅम्परमध्ये पिठलं-भाकरी केली आणि भावजी-जाऊबाईंना जेवायला बोलावलं. आमच्या घरी, त्यांच्याच दारात. चौघं त्या टेबलाला कसेबसे मावलो. जाऊबाई म्हणाल्या, ‘वहिनी, माझ्या लग्नाला २९ वर्षं झाली, सासरच्या माणसांत मला आज पहिल्यांदा कोणी बसवून वाढतंय.’ दुसऱ्या दिवशी ७२ तास संपले आणि आम्हाला निघावंच लागलं. आता दर रविवारी सकाळी भावजींचा फोन येतो.

तुम्ही बोस्टनला कॅम्पर नेऊ शकणार नाही, हे मला कळतं. पण मुलाच्या घराजवळ आठवडाभर भाड्याची एक खोली मिळते का ते बघा. छोटी का असेना, शेगडी असलेली. सुनेला आधी विश्वासात घेऊन सांगा, म्हणजे तिला ते रुसणं वाटणार नाही. आणि एक दिवस त्या दोघांना तुमच्याकडे जेवायला बोलवा.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कोणाच्याही दारात लावण्यापूर्वी तिथल्या सोसायटीचा नियम आणि ड्राइव्हवेचा उतार विचारून घ्या. घराच्या साध्या प्लगवर गाडीतले दिवे आणि बॅटरी चालते, एसी चालत नाही, तो लावून यजमानांचा फ्यूज उडवू नका. आम्ही कुठेही तीन रात्रींच्या वर दारात राहिलो नाही. नणंद अजून रहा म्हणत होती तेव्हाच निघालो.

प्रश्न : एकूण खर्च किती आला? आकडे सांगाल का? – एक वाचक, नागपूर

सांगते. गाडी गॅलनला ९ मैल देते. पेट्रोल सुमारे ३,७०० डॉलर. काही रात्री नातेवाइकांच्या दारात, उरलेल्या रात्रींचं तळभाडं २,२०० च्या आसपास. दोन टायर, मागचा दिवा आणि किरकोळ दुरुस्त्या मिळून ८०० डॉलर. खाणं घरी असतो तेवढंच. गाडीची किंमत आणि विमा यात धरलेला नाही.

तळभाडं कमी आलं ते ज्येष्ठांच्या पासामुळे. अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले ६२ वर्षांचे झाले की ८० डॉलरमध्ये तो जन्मभराचा मिळतो. उद्यानात गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश त्यात होतो आणि केंद्र सरकारच्या बऱ्याच तळांवर निम्मं भाडं पडतं. ठेकेदारांकडे दिलेल्या जागांवर आणि राज्यांच्या उद्यानांत ही सवलत असेलच असं नाही. मोठ्या उद्यानांतल्या बऱ्याच जागांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. हे नोव्हेंबरात सकाळी पावणेदहापासून कॉम्प्युटरसमोर बसलेले असायचे.

प्रश्न : वय ८१. गुडघे गेले, आता फिरणं नाही. या सगळ्या प्रवासात जिथून उठावंसं वाटलं नाही अशी एक जागा सांगा. डोळे मिटून पाहीन. – एक वाचक, वाई

आजोबा, यलोस्टोनमध्ये हेडन व्हॅली म्हणून एक विस्तीर्ण माळ आहे. मधून नदी वाहते, पण घाई नसल्यासारखी, वळणं घेत. जुलैचा मध्य होता तरी पहाटे दातावर दात वाजत होते. साडेसहाला आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा नदीवर धुकं होतं आणि पलीकडच्या उतारावर काळे ठिपके. हळूहळू ते ठिपके रस्त्याकडे सरकायला लागले. ते बायसन होते. गवे म्हणावे तर गवे नाहीत, पुढचा भाग डोंगरासारखा, मानेवर लोकर, दाढी. मोठा नर ९०० किलोंपर्यंत भरतो. पायी असाल तर त्यांच्यापासून २५ यार्ड लांब राहायचा नियम आहे, पण आम्ही गाडीत होतो आणि कळप आमच्याकडेच येत होता.

यांनी इंजिन बंद केलं. कळप आमच्या दोन्ही बाजूंनी जायला लागला. खुरांचा आवाज जमिनीतून बाकावर येत होता. त्यांचं फुरफुरणं, नाकातून निघणारी वाफ, ओल्या लोकरीचा वास. एका म्हशीएवढ्या मादीने आमच्या आरशात पाहिलं, थांबली, आणि पुढे गेली.

मी लहान असताना फलटणहून दहिवडीला येताना एस.टी. अशीच थांबायची. धनगरांची मेंढरं रस्ता ओलांडत असायची, ड्रायव्हर बिडी काढायचा, आणि कोणी हॉर्न वाजवायचं नाही. मी यांना ते सांगत होते. यांनी थर्मासमधून चहा ओतला. चाळीस मिनिटं गेली असतील. कळप संपला असं वाटून यांनी चावीला हात लावला, तेवढ्यात मी शिट्टी वाजवल्यासारखं एकदाच म्हटलं, ‘थांबा.’ एक तांबूस वासरू मागे राहिलं होतं. रस्त्याच्या कडेला येऊन त्याने आधी आमच्याकडे पाहिलं, मग पलीकडे आईकडे, आणि चारी पाय उचलून पळत सुटलं.